सुतकातली पेटी

भिकूदा, तुझ्या मचव्याच्या गिअरपेटीत खारं पाणी शिरलंय आणि तू मरून बसलास. दोन्ही गोष्टी एका हंगामात करायची काय गरज होती? एक तरी पुढं ढकलायचीस. बाकी सगळं तर जन्मभर पुढंच ढकलत आलास.

लोक दारात येतात, रडतात, तू किती मोठ्या मनाचा होतास ते सांगतात. मी मान हलवतो. मला रडू येत नाही, राग येतो. दिवसभर माडाला टेकून किनाऱ्यावर बसतो. समोर मचवा नांगरावर डुलत असतो, आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते मला इथं बसून दिसतं. इंजिन बंद राहिलं की तेल वर तरंगतं आणि पाणी तळाला जाऊन बसतं. पेटीच्या तळाला दाते आहेत, बेरिंगं आहेत. खारं पाणी आणि लोखंड, आणखी काय सांगू तुला! आज वाचली तर वाचली. बाराव्यापर्यंत तशीच राहिली तर वयनीच्या, तुझ्या बायकोच्या, हातात मचवा नाही, नुसता लाकडाचा ढीग राहील.

आणि हात लावायचा नाही म्हणतात. सुतक आहे. गेलेल्या माणसाच्या मचव्याला बारावा होईपर्यंत घरच्या कुणी शिवायचं नाही. खलाशी सगळे तुझ्या भावकीतले, म्हणजे सगळेच सुतकात. आणि मी? मी कोण, हाच तर घोटाळा तू करून ठेवलायस.

मी वरचा, घाटापलीकडच्या उसाच्या मुलखातला. शाळा चौथीत सुटली, कारण बाप गेल्यावर चुलत्यांना मी पाटीपेक्षा गुऱ्हाळाच्या इंजिनापाशी जास्त उपयोगाचा वाटलो. पुढं त्यांना तिथंही मी जड झालो. म्हणून एका लॉरीवर किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा हाताखालचा पोऱ्या, झालो, आणि त्याच लॉरीत तुझं इंजिन खोक्यात घालून खाली आणलं. तळेऱ्याच्या तिठ्यावर लॉरी बंद पडली. तू कोंबडीसारखा त्या खोक्यावर बसून होतास. मी बॉनेट उघडून लॉरी चालू केली तर म्हणालास, "इंजिन कळता तुका?"

"कळतं."

"आनि पेवूक येता? पोहायला?"

"नाही येत."

"बरा झाला. म्हंजे तू इंजिन बंद पडू देवचंस नाय."

एवढीच माझी परीक्षा घेतलीस. मालवणात उतरल्यावर मी तुला अहो-जाहो करायला लागलो, तर भडकलास. "अवो-जावो करू नको रे, माका कचेरीत उभो केल्यासारख्या वाटता." आणि ज्यानं ज्यानं विचारलं, हा घाटी कोण, त्याला सांगत सुटलास, "माजो भाव तो. घाटावरच्या आवशीचो." घाटावरच्या आईचा भाऊ! लोक हसायचे, मीही हसायचो. पण त्या वाक्यावर मी इतकी वर्षं इथं राहिलो, हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्याचीही थट्टा केली असतीस.

पहिल्या वर्षी तुला पेटी समजावून सांगितली ती आठवते? मी म्हटलं, इंजिन नुसतं फिरतं. त्या फिरण्यानं मचवा पुढं न्यायचा, का मागं, का जागेवर ठेवायचा, ते ही गिअरची पेटी ठरवते. तिचं तेल वेगळं, तिची निगा वेगळी. तू विडी विझवून म्हणालास, "समाजला. इंजिन म्हंजे मी, नुसता बोंबलता. आनि खंय जावचा तां ठरयता ही. म्हंजे ही पेटी तुजी वयनी." वयनी आतून म्हणाली, "मगे तिचा आयकत जा." खलाशी आठवडाभर हसत होते.

पण ऐकलंस का? कधीच नाही. पुढचा गिअर काढून मागचा टाकताना मधे जरा थांबायचं, शाफ्टला दम खाऊ द्यायचा, हे मी तुला शंभरदा सांगितलं असेल. "मदी थांबूक मी काय मोटारीचो कंडक्टर?" म्हणायचास आणि दांडा असा हिसडायचास की मचव्याचे खिळे हलायचे. मी धावत जाऊन पेटीवर हात ठेवून बघायचो, तापली का, खरखरतेय का. "तुजा मन ल्हान आनि पानो म्होटो," म्हणायचास. माझं मन लहान आहेच. लहान मनाच्या माणसानंच तुझं इंजिन भर समुद्रात कधी बंद पडू दिलं नाही, हे मात्र कुणाजवळ बोलला नाहीस.

आणि ते तुझं देवाला घातलेलं गाऱ्हाणं! नारळी पौर्णिमेला मचवा पाण्यात ढकलायच्या आधी मी पेटीत नवं तेल भरायचो, तू तिच्यावर कुंकू वाहायचास, नारळ ठेवायचास आणि मोठ्यानं सुरू करायचास, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आज जो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे. ह्या इंजिनात, ह्या पेटीत कोणी वाकडा-नाकडा केला आसात, कोणाची नजर लागली आसात, तां सगळा बुडवन टाक रे म्हाराजा!" सगळे ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" मीही ओरडायचो. तिथवर ठीक होतं. पण नंतर तू फर्मान काढायचास. "आता मे म्हयन्यापर्यंत हिका कोणी पानो लावूचो नाय. देवाच्या हातात दिलेली वस्तू मदीच उघडून बगूची नसता."

दुसऱ्या कुठल्या बंदरात कुणी असं केलं असेल का? सगळा हंगाम एका तेलावर! मी म्हटलं, देव तेल बदलतो का? तू म्हणालास, "तू बदललंस मा? आता तो राखतलो." भांडून भांडून मी एवढंच पदरात पाडून घेतलं की तेल बघायची काठी काढून बघणं म्हणजे पेटी उघडणं नव्हे. "दाराच्या फटीतसून बगतत तसा बग," म्हणालास. मग मी रोज फटीतून बघत राहिलो.

आपलं दुसरं भांडण त्या टोपावरून. मागच्या मे महिन्यात शेवटची फेरी करून आल्या आल्या, तेल अजून कोमट होतं तेव्हा मी ते काढायला घेतलं. पेटीचा खालचा नट तळाच्या फळीला टेकलेला, तिथं पाना शिरत नाही. म्हणून वरून नळी घालून हातपंपानं ओढायचं. तेलात थोडं पाणी दिसलं. मी म्हटलं, हे टाकून द्यायचं. "टाकूचा? ह्यां?" तुझे डोळे असे झाले जणू मी वयनीच्या अंगावरचा डागिना मोडायला काढलाय. तेल घेऊन तू घरी गेलास, वयनीचा कालवणाचा मोठा टोप उचललास, अंगणात तीन दगडांवर ठेवलास आणि मंद जाळावर तेल तापवायला बसलास. पाणी उडून जाईतो ते तडतडत होतं. वयनी विहिरीवरून आली आणि घागर तशीच ठेवून म्हणाली, "माज्या टोपात त्याल? उद्या कालवण खंय शिजयतलंस, तुज्या मचव्यात?"

"थंय शिजवया. मीठ घालूक लागूचा नाय."

"तोंड बग मेल्याचा!"

तिच्याच जुन्या लुगड्यातून तेल गाळलंस आणि डब्यात भरून मला दाखवलंस, बघ, स्वच्छ. मी म्हटलं, उकळलेलं तेल म्हणजे मेलेलं तेल. तू म्हणालास, "तापातसून उठलेलो माणूस मेलेलो आसता काय रे?" मी ते पेटीत घालू दिलं नाही. तू ते फेकू दिलं नाहीस. डबा तुझ्या बाजेखाली गेला. टोप वयनीनं माळ्यावर टाकला आणि पुन्हा त्यात काही शिजवलं नाही. भांडण होतं तिथंच राहिलं. पावसाळ्यात बसून मिटवू म्हटलं होतं, तेही राहिलं. आता कुणाशी मिटवू?

मग या हंगामात बांगडा लागला. असा बांगडा की तू माणसात राहिला नाहीस. मचवा कडेपर्यंत भरलेला, तळातलं पाणी शाफ्टच्या जोडापर्यंत चढलेलं, मी उपसून उपसून बेजार. ओरडलो, सील जुनं झालंय, पाणी पेटीत शिरेल, परत फिर! तू म्हणालास, "अजून एक जाळा." किनाऱ्याला लागल्यावर मी काठी काढली. काळंभोर तेल शिरवाळ्यांच्या रसासारखं झालेलं. नारळाचं दूध आणि गूळ, तोच रंग. तुझ्यासमोर धरली. तू बोट बुडवलंस, चोळलंस, हुंगलंस आणि म्हणालास, "गूळ कमी पडलो हा."

सगळे हसले. मी हसलो नाही. म्हटलं, मचवा उभा कर, मी तेल बदलतो, सील बघतो.

"बांगडो उभो ऱ्हवतलो काय? तेका सांगून ये, घाट्याक काम आसा, जरा थांब."

"भिकूदा, पेटी जाईल."

"बांगडो जावंदे. मगे बगतलंव."

आणि त्याच दिवशी जाळं झाडताना पाखट माशाचा काटा तुझ्या पायात गेला. चांगला खोल. तू उपटून फेकलास, वर उंडीचं तेल चोळलंस आणि चालायला लागलास. मी म्हटलं, दवाखान्यात चल. वयनी म्हणाली, जा. तू काय म्हणालास ते मी पुन्हा लिहायला नको. तेच म्हणालास. पेटीला आणि पायाला तू एकाच रांगेत बसवलंस, आणि त्या रांगेत पहिला बांगडा.

आठवड्याभरात धनुर्वातानं तुझी दातखीळ बसली. मग सगळे धावले. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. ज्या तोंडानं तू सगळ्या किनाऱ्याला गप्प बसवलंस तेच मिटलं. मी उशाशी होतो. तू माझ्याकडं बघून काहीतरी सांगत होतास. दातांच्या मागं नुसता आवाज येत होता. पेटीचं सांगत होतास का? वयनीचं? का त्याही वेळी कुणाची थट्टा करत होतास? मी घाबरून "हो, हो" म्हणत राहिलो. आणि तू डोळे मिटलेस, जणू माझ्याकडून कबूल करून घेतलंस. कशाला हो म्हणालो मी? हे मला कोण सांगणार? माणसानं जाताना एवढं तरी स्पष्ट बोलून जावं.

तुला मूलबाळ नाही, म्हणून जनूआबांनी, तुझ्या चुलत्यांनी, अग्नी दिला. भावकीतले केस उतरवायला बसले. मी लांब उभा होतो. आबांनी हाक मारली, "तूय बस रे. भाव मा तू तेचो?" मी बसलो. वस्तरा फिरत होता आणि मला, लाज वाटते लिहायला, आनंद होत होता. माझ्या सख्ख्या चुलत्यांनी मला कधी पंगतीत बाजूला बसवून घेतलं नव्हतं. आणि इथं तुझ्या भावकीनं मला आपल्या सुतकात घेतलं. आता तूच सांग. ज्या सुतकानं मी घरचा झालो, त्याच सुतकानं माझे हात बांधले.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो.

काल मी जनूआबांकडं गेलो. ओटीवर सगळी भावकी बसली होती. म्हटलं, आबा, पेटी उघडायला हवी, बाराव्यापर्यंत टिकत नाही. ते म्हणाले, "गेलेल्याचा मन मोडूचा नसता. घरच्यान हात लावूचो नाय. भावकीच्या भायलो कोण आसलो तर हरकत नाय. पण तसलो पेटीवालो हाडतलंस खंयसून?"

कुठून आणणार, म्हणे! कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं रे. या किनाऱ्याला तसला माणूस एकच आहे.

मी म्हणालो, "मी आहे ना. मी कुठं भावकीतला? मी घाटी."

आबांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. "मगे डोक्या कोणासाठी काढलंस?"

तुझ्यासाठी, असं म्हटलं असतं तर मी घरचा, आणि पेटी गेली. मी म्हणालो, "उवा झाल्या होत्या."

भिकूदा, हे मी भरल्या ओटीवर म्हणालो. तुझं गाऱ्हाणं, तुझा बांगडा, तुझं 'मगे बगतलंव' या सगळ्यापायी मला तुझा भाऊ नाही म्हणायला लागलं, तेही उवांचं नाव घेऊन. एवढा राग मला माझ्या चुलत्यांचाही आला नव्हता. तू समोर असतास तर हातातला पाना तुझ्या पायावर टाकला असता. बऱ्या पायावर.

आबांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "बरा. परक्याक सुतक नाय. जा."

नव्या तेलाचा डबा एकच होता. पण पेटी आधी आतून धुऊन काढायला हवी, आणि त्यात तो एक डबा संपला असता. तेल कुठून आणू, हा विचार करत तुझ्या अंगणात आलो तर उंबऱ्यावर काढून ठेवलेलं होतं. बाजेखालचा तुझा तो डबा. माळ्यावरचा टोप. वर लुगड्याचा धडपा. वयनी दाराआड होती. माझ्याशी बोलली नाही. भिंतीला म्हणाली, "त्या परक्या माणसाक सांगा, टोप घासून परत हाडूचो."

लहान होडी वल्हवत मी एकटाच गेलो. नळी तळापर्यंत घातली. आधी गंजाचं पाणी आलं, पानाच्या पिंकेसारखं तांबडं. मग तो रस. सगळं ओढून काढलं, आणि मग तुझं ते उकळलेलं तेल आत ओतलं, ज्याला मी मेलेलं म्हणत होतो ते. हँडल मारून इंजिन चालू केलं. हळू पुढचा गिअर, मधे थांबलो, हळू मागचा. मधे प्रत्येक वेळी थांबलो, ऐकलंस? तुझ्या नाकावर टिच्चून थांबलो. तेल काढलं तर गढूळ. किनाऱ्यावर येऊन टोपात तापवलं, तडतड थांबेपर्यंत हललो नाही, गाळलं, परत नेऊन ओतलं, परत इंजिन चालवलं. असं करत करत शेवटी ते स्वच्छ निघालं. तुझ्या तेलानंच पेटी धुतली. तू बरोबर होतास. झालं समाधान? हे ऐकायला तू इथं पाहिजे होतास, मेल्या. जिंकलेलं भांडण टाकून कोण जातं?

शाफ्टच्या सीलपाशी ग्रीस लावलेला सुती दोर तात्पुरता आवळून बांधला. नवं सील मुंबईहून मागवतो. मग नवं तेल भरलं, इंजिन चालवून बंद केलं, थोडं थांबून काठी काढली. काकवी! आमच्या गुऱ्हाळात उन्हात धरलेल्या काकवीचा रंग. पेटी वाचली. मागच्या गिअरला एक बारीक खरखर राहिली आहे, आणि ती राहणारच. ती ऐकली की मी तुला शिव्या देईन.

तेल भरलं की गाऱ्हाणं घालायचं, ही तुझीच रीत. नारळ नव्हता. मी पेटीवर हात ठेवला आणि ओरडलो, "बा देवा म्हाराजा! हा भिकाजी तांडेल तुझ्याकडं आलाय. त्याला बसवून ठेव. त्याचं काय एक ऐकू नको. त्याला सांग, मचवा त्याच्या भावानं बघितलाय, आणि वयनीलाही तोच बघेल. त्यानं काय मागितलं होतं ते मला कळलं नाही, पण मी हो म्हटलंय, तर ते तसंच होऊ दे रे म्हाराजा!"

व्हय म्हणायला कोण होतं? मीच म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली.

दिवस कलता टोप राखेनं घासून घेऊन आलो. तळाचा काळा डाग काही गेला नाही. अंगणाबाहेर उभा राहिलो. आत जावं का नाही, कळेना. सुतकाच्या घरचं परका माणूस खात नाही आणि त्याला कुणी वाढत नाही. दार उघडलं. वयनीनं टोप हातात घेतला, उलटा करून तळ बघितला, मग माझं डोकं बघितलं.

"उवा गेल्यो?"

"गेल्या, वयनी."

"मगे आंघोळ कर आनि बस. पेज थंड होता."

तू गेल्यापासून ती पहिल्यांदाच असं काही बोलली. विहिरीवर डोक्यावर पाणी ओतताना मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

पेज होती आणि आंब्याच्या लोणच्याची फोड. मी खाल्ली. मग वाडगा पुढं केला आणि आणखी मागून घेतली.